ड्राफ्टचे मार्क कसे द्यावेत: कोणी हेरलं आणि कोणाला घबाड सापडलं

जूनच्या शेवटी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट होतो; संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. आपल्याकडे तेव्हा पहाट असते, नाशिकला पावसाची भुरभुर सुरू झालेली असते, आणि आपला चहा होईपर्यंत अमेरिकेतल्या जाणकारांनी तीसही संघांना ए, बी, सी वाटून टाकलेले असतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ज्या पोराने संघाच्या बसमध्ये अजून पाय ठेवलेला नाही, त्याच्या निवडीला मार्क कसले देता?

मी सातपूरला क्वालिटीत आहे. आलेला लॉट गेज लावून पास करणं हे एक काम, आणि त्या सप्लायरचं रेटिंग काढणं हे दुसरं. दुसऱ्या दिवशीच्या ग्रेड म्हणजे फार तर चलान तपासणं झालं. मला रेटिंगमध्ये रस आहे. गंगापूर रोडला आमचा एक कंपू सकाळी खेळतो, तिथे या विषयावर इतकी तोंडं वाजायची की शेवटी मी एक एक्सेल शीट केली. हल्ली ती भाचाच भरतो. ती कशी भरायची आणि कुठे फसायला होतं, ते इथे लिहितोय.

ज्यांना ड्राफ्ट नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. तीस संघ, दोन फेऱ्या, साधारण साठ नावं. प्लेऑफ न गाठलेले चौदा संघ लॉटरीत जातात. पहिले चार नंबर सोडतीने ठरतात, बाकीचे जो जास्त हरला त्याला आधी या हिशेबाने. २०१९ पासून सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या नंबरची शक्यता प्रत्येकी १४ टक्के असते. पाळ्या विकता येतात, बदलता येतात, पुढच्या वर्षांच्यासुद्धा देऊन टाकता येतात. एवढं पुरे.

कधी तपासायचं

चार हंगाम थांबा. हा आकडा माझ्या मनातला नाही, करारातला आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार हंगामांचा असतो. त्यातले पहिले दोन पक्के, तिसरा आणि चौथा ठेवायचा की नाही हे संघाच्या हातात. तिसरा हंगाम संपला की वाढीव कराराची बोलणी करता येतात. म्हणजे आपण मार्क द्यायच्या आधी संघ स्वतःच देतो, तेही स्वतःच्या खिशातून. बाकी कुठल्याही पंडितापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे.

२०१८ चा ड्राफ्ट बघा. पहिला डिआंड्रे एटन फिनिक्सला, दुसरा मार्विन बॅग्ली सॅक्रामेंटोला, तिसरा लुका डॉनचिच, चौथा जॅरेन जॅक्सन मेम्फिसला, पाचवा ट्रे यंग, अकरावा शाय गिल्जस-अलेक्झांडर. २०२१ मध्ये हंगाम सुरू व्हायच्या आत तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि अकराव्या नंबरच्या पोरांना वाढीव करार मिळाले होते. पहिल्या दोघांना मिळाले नव्हते. एकही सामना न बघता निम्मं प्रगतिपुस्तक हातात आलं.

आधी कागद तपासा: टोपी कोणाची, माणूस कोणाचा

ड्राफ्टच्या रात्री नाव पुकारलं की पोरगा संघाची टोपी घालतो, कमिशनरशी हात मिळवतो, फोटो निघतो. त्या फोटोवर जाऊ नका. कित्येकदा सौदा आधीच ठरलेला असतो आणि टोपी एका संघाची, माणूस दुसऱ्याचा असं होतं. डॉनचिचचं नाव अटलांटाने पुकारलं, पण गेला तो डॅलसला. बदल्यात अटलांटाला यंग आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची एक पाळी मिळाली. गिल्जस-अलेक्झांडरला शार्लटने निवडलं आणि क्लिपर्सला दिलं. १९९६ मध्ये कोबी ब्रायंटही शार्लटनेच तेराव्या नंबरला घेतला होता आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लेकर्सला दिला होता.

म्हणून शीटमध्ये हे दोन कॉलम वेगळे. ज्याने ठेवला त्याला जमा, ज्याने सोडला त्याला सोडण्याबद्दल नावे. सौद्यात मिळालेली पाळी आणि तिच्यातून पुढे आलेला खेळाडूही त्याच ओळीत लिहायचा. अटलांटाची ओळ म्हणजे एकटा यंग नाही. पुढच्या वर्षी दहाव्या नंबरला घेतलेला कॅम रेडिशही त्यात धरायचा.

डेन्व्हरची गोष्ट तर या दोन कॉलमांसाठीच घडली असावी. २०१४ मध्ये त्यांनी ४१ व्या नंबरला निकोला योकिच उचलला. तो पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, २०२३ ला डेन्व्हर विजेता झालं. जगात वाहवा. पण आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, २७ व्या नंबरला रूडी गोबेरचं नाव पुकारून त्याला यूटाला दिला होता तो याच डेन्व्हरने. २०१७ ला तेराव्या नंबरला डोनोवन मिचेल घेऊन तोही यूटालाच दिला. तिन्ही वेळा बास्केटबॉलचा कारभार टिम कॉनली यांच्याकडे होता. गंमत अशी की २०२२ मध्ये हेच कॉनली मिनेसोटाला गेले आणि त्यांनी तोच गोबेर यूटाकडून आणला. किंमत? पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या चार पाळ्या, वर एक पाळी बदलून घ्यायचा हक्क.

आता सांगा, हा माणूस ड्राफ्टचा जादूगार की बावळट? एका योकिचवरून जादूगार म्हणणं जितकं उथळ, तितकंच एका गोबेरवरून बावळट म्हणणं. पूर्ण ओळ वाचायची.

नंबरप्रमाणे अपेक्षा

इथे थोडं गणित आहे, पण घाबरण्यासारखं नाही. पहिल्या नंबरला घेतलेला खेळाडू बरा निघाला तर तो नापास. ४५ व्या नंबरचा बरा निघाला तर तो गुणवत्ता यादीत. कारण अपेक्षा वेगळ्या आहेत. पहिल्या चार-पाच नंबरांत हा उतार एकदम तीव्र असतो, विशीच्या पुढे जवळपास सपाट होतो.

मोजपट्टी स्वतः बनवा. दहा-पंधरा जुने ड्राफ्ट घ्या. नंबरांचे गट पाडा: पहिला एकटा, मग २-३, ४ ते ७, ८ ते १४, १५ ते २२, २३ ते ३०, आणि दुसरी फेरी सगळी मिळून एक. प्रत्येक खेळाडूपुढे पहिल्या चार हंगामांत तो किती मिनिटं खेळला आणि त्याचे विन शेअर्स किती, एवढंच लिहा. दोन्ही आकडे बास्केटबॉल रेफरन्स या वेबसाइटवर फुकट मिळतात. मग गटाचा मधला आकडा काढा. सरासरी नको, मधलाच. गटात एखादा लेब्रॉन जेम्ससारखा महान खेळाडू असला तर तो सरासरीला एवढी वर ओढतो की बाकीचे सगळे बिचारे नालायक दिसायला लागतात.

विन शेअर्स म्हणजे संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा, असा अंदाज. त्यात बचाव नीट पकडला जात नाही, आणि जिंकणाऱ्या संघातल्या माणसाला जरा झुकतं माप मिळतं. म्हणून जोडीला मिनिटं. कोच कोणावर मेहरबानी करत नाही, उपयोग नसेल तर बाकावर बसवतो. अर्थात हरणाऱ्या संघात ढीगभर मिनिटं कोणालाही मिळतात, हे ध्यानात ठेवूनच.

गुणांच्या सरासरीवर, म्हणजे सामन्यामागे किती पॉइंट केले यावर, मात्र अजिबात विसंबू नका. २०१३ च्या ड्राफ्टमधला अकरावा, मायकल कार्टर-विल्यम्स, फिलाडेल्फियाकडून खेळून रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सर्वोत्तम, झाला. संघ त्या हंगामात १९ जिंकला आणि ६३ हरला. चेंडू दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा हाच प्रश्न असेल तर आकडे होतातच. दुसरा हंगाम संपायच्या आत फिलाडेल्फियाने त्याला सोडलं. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या नंबरला मिलवॉकीने ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला एक काडीपैलवान घेतला होता. पहिल्या वर्षी त्याचे आकडे कोणी चवीने वाचले नसते. नाव यानिस अँटेटोकुन्म्पो.

"याला सोडला, त्याला घेतला"

सगळ्यात जास्त भांडणं इथे. एका रविवारी मिसळीच्या टेबलावर भाचा म्हणाला, "मामा, योकिचला चाळीस वेळा सोडला ना सगळ्यांनी. मग चाळीसही नापास कर की."

"डेन्व्हरलाही करू?"

"त्यांनी तर घेतला!"

"४१ ला घेतला. त्याच्या आधी त्यांच्या वाट्याला १६ आणि १९ नंबर आले होते. १६ ला युसुफ नुर्किच, १९ ला गॅरी हॅरिस. योकिच त्यांनीही दोनदा सोडलाच की."

पापड मोडायचा थांबला तो. माझा नियम असा: एखादा खेळाडू सगळ्यांनीच सोडला असेल तर दोष कोणालाच नाही, आणि ज्याने शेवटी घेतला त्याला पूर्ण श्रेय नाही, थोडं जास्त श्रेय. दोष कधी लावायचा? जेव्हा समोर दिसत होतं तेव्हा. आपल्या नंबरनंतरची पाच-सहा नावं बघा. त्या दिवशी ज्यांची चर्चा होती त्यातली. त्यातून चुकीचा उचलला असेल तर मार्क कापा.

या कसोटीवर २०१८ पुन्हा तपासा. डॉनचिच काही आडगावात लपलेला नव्हता. ड्राफ्टच्या आधीच्या महिन्यात तो रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकला होता आणि त्या लीगचा एमव्हीपी होता, १९ व्या वर्षी. २०१७ ला स्लोव्हेनियाकडून युरोपचं विजेतेपद. त्या स्लोव्हेनिया संघाचे कोच होते इगोर कोकोश्कोव्ह, आणि २०१८ च्या ड्राफ्टच्या वेळी ते कुठे होते माहितीये? फिनिक्सचे मुख्य कोच म्हणून नेमलेले. ज्या माणसाने पोराला जवळून खेळवलं तो घरात, आणि पहिला नंबरही घरात! तरी एटन घेतला.

पण फिनिक्सला शून्य देता येत नाही. २०२१ ला ते फायनलपर्यंत गेले, त्यात एटन सुरुवातीच्या पाचांत होता. ठीकठाक खेळाडू, फक्त चुकीच्या नंबरला. सॅक्रामेंटोची बाजू मात्र कोणाला मांडता येईल असं मला वाटत नाही. लॉटरीत सातव्या जागेवरून उडी मारून दुसरा नंबर मिळाला, नशिबाने ताट वाढून दिलं, आणि त्यांनी बॅग्ली घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन टाकला. बॅग्लीला निवडलं तेव्हा सॅक्रामेंटोचा कारभार व्लादे दिवाच बघत होते. हो, तेच, ज्यांच्या बदल्यात कोबी गेला होता.

डेट्रॉइटवरून आठवलं. २००३ मध्ये पहिला लेब्रॉन जेम्स, तिसरा कार्मेलो अँथनी, चौथा ख्रिस बॉश, पाचवा ड्वेन वेड. मधल्या दुसऱ्या नंबरला डेट्रॉइटने डार्को मिलिचिच घेतला. लगेच २००४ ला डेट्रॉइट विजेता झालं, म्हणून काही जण म्हणतात, काय बिघडलं? बिघडलं हेच की आपण ड्राफ्ट तपासतोय, करंडकांचं कपाट नाही. विजेतेपद मिळवलं त्या संघात डार्को जवळपास बाकावरच होता. त्या ओळीला शून्य. करंडक दुसऱ्या शीटमध्ये लिहा.

दुखापत

हिच्यात एकच विचारा: आधी माहीत होतं का? १९८४ ला पोर्टलंडने दुसऱ्या नंबरला सॅम बोवी घेतला आणि तिसऱ्याला शिकागोने मायकल जॉर्डन. पोर्टलंडला सगळे हसतात ते जॉर्डनसाठी. मी तेवढ्यासाठी हसत नाही. त्यांच्याकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्या वर्षी आलेला होता, आणि तेव्हा उंच सेंटरशिवाय कोणी संघ बांधतच नसे. पण बोवी पायाच्या हाडामुळे कॉलेजचे दोन हंगाम बाहेर बसला होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं. मार्क कापायचे ते त्यासाठी.

याच पोर्टलंडने २००७ ला केविन ड्युरँटला सोडून ग्रेग ओडन घेतला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधीच संपला. पण त्या दिवशी बहुतेक संघांनी ओडनच घेतला असता. इथे मी फार कापत नाही. दोन्ही प्रकरणं एकाच दावणीला बांधणाऱ्यांशी मी वाद घालणंच सोडलंय.

उलटी बाजू: २०१४ ला जोएल एम्बीडचं पाऊल ड्राफ्टच्या तोंडावर मोडलेलं होतं. फिलाडेल्फियाने तिसऱ्या नंबरला घेतला, दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही, २०२३ ला एमव्हीपी झाला. जोखीम समजून घेतली आणि थांबायची तयारी होती, त्याला जादा मार्क. मात्र अशा ओळीचे चार हंगाम तो पहिल्यांदा कोर्टवर उतरल्यापासून मोजा.

लॉटरीला मार्क नाहीत

२०२३ ला सॅन अँटोनियोने विक्टर वेम्बान्यामा घेतला. त्यात निवड काय केली? तो नंबर कोणालाही मिळाला असता तरी त्याने तेच नाव वाचलं असतं. २००३ च्या क्लीव्हलंडचंही तसंच. मी अशा ओळी राखाडी करतो आणि बेरजेत धरत नाही. त्याच सॅन अँटोनियोने १९९९ ला ५७ व्या नंबरला मानू जिनोबिली आणि २००१ ला २८ व्या नंबरला टोनी पार्कर घेतला, ते मात्र ठळक अक्षरांत.

पण पहिला नंबर फुकट घालवला तर कापायचे. २०१३ ला क्लीव्हलंडने पहिला म्हणून अँथनी बेनेट घेतला आणि एका हंगामानंतर केविन लव्हच्या सौद्यात मिनेसोटाला पाठवून दिला.

निवडला कोणी, घडवला कोणी

हे नीट वेगळं होत नाही, पण एक युक्ती चालते. खेळाडू संघ सोडून गेल्यावर काय झालं ते बघा. १९९७ ला बॉस्टनने तिसऱ्या नंबरला चॉन्सी बिलप्स घेतला आणि पहिला हंगाम पुरा व्हायच्या आत टोरांटोला दिला. २००४ ला तो डेट्रॉइटकडून फायनलचा एमव्हीपी झाला. म्हणजे बॉस्टनची नजर बरोबर होती, धीर नव्हता. निवडीचे मार्क द्या, सांभाळण्याचे कापा. डॅलसने २०१८ ला ३३ व्या नंबरला जेलन ब्रन्सन घेतला, हीरा निघाला, आणि २०२२ ला करार संपल्यावर तो न्यूयॉर्कला निघून गेला. निवडीत पैकीच्या पैकी. पुढचं दुसऱ्या कॉलमात.

आणि साठ नावांच्या बाहेरचे विसरू नका. फ्रेड व्हॅनव्लीटला २०१६ ला कोणीच घेतलं नाही, टोरांटोने नंतर बोलावून घेतलं आणि २०१९ ला तो त्यांच्याबरोबर विजेता झाला. मायामीने तर डंकन रॉबिन्सन, मॅक्स स्ट्रूस, गेब व्हिन्सेंट असे न निवडलेले खेळाडू घेऊन फायनल खेळल्या. स्काउटांचं, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांचं, काम त्या रात्री संपत नाही, त्यामुळे शीटही ६० व्या ओळीवर संपवू नका.

सतनामचं काय?

हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. पंजाबचा सतनाम सिंग, २०१५, डॅलस, ५२ वा नंबर. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना खेळला नाही, आणि आपल्याकडची मंडळी त्याला फुकाची हवा म्हणून मोकळी होतात. वर बनवलेली मोजपट्टी काढा. ५० च्या पुढच्या नंबरांत कितीतरी खेळाडूंपुढे शून्य मिनिटं दिसतील. तिथे अपेक्षाच शून्याच्या आसपास आहे, त्यामुळे डॅलसचं काही गेलं नाही आणि पोराने कोणाला फसवलंही नाही. त्याची ओळ काळी, लाल नाही.

आता सराव. २०२० घ्या. कोरोनामुळे कॉलेजांची मार्चमधली स्पर्धा रद्द झाली आणि ड्राफ्ट थेट १८ नोव्हेंबरला झाला, तोही ऑनलाइन. पहिला अँथनी एडवर्ड्स मिनेसोटाला, दुसरा जेम्स वाइजमन गोल्डन स्टेटला, तिसरा लामेलो बॉल शार्लटला, बारावा टायरीस हॅलिबर्टन सॅक्रामेंटोला, एकविसावा टायरीस मॅक्सी फिलाडेल्फियाला. वाइजमन कॉलेजात फक्त तीन सामने खेळला होता, तेव्हा "आधी माहीत होतं का" हा प्रश्न त्याला कसा लावायचा ते ठरवा. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटोने फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानाला देऊन डोमांतास सबोनिस आणला, तेव्हा तिथे निवडीचा आणि सौद्याचा कॉलम वेगळा ठेवा. आणि बारा नंबरपर्यंत तो खाली आलाच कसा, हे लिहिताना आधीच्या अकरा संघांपैकी कोणाकोणाला दोष लागतो ते एकेक करून तपासा. भाच्याने पाच लावलेत, मी तीन. अजून मिटलेलं नाही.